निरोप कुठे सुटतो? : नळीदार अवयवांच्या जडणघडणीतली विकरं



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांच्या वर्गात बसलेले अनेक जण आज इथे आहेत. शाळेतल्या विज्ञानात विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्याला पहिल्यांदा भेटतं ते बहुधा जेवणाच्या निमित्ताने. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतलं अमायलेज पिठुळ पदार्थाची साखर करतं. तेव्हापासून विकर म्हणजे पचनाचा रस अशी आपल्या मनात गाठ पडते आणि ती बऱ्याचदा जन्मभर सुटत नाही. आज मला ती सोडवायची आहे. ज्या लालाग्रंथीतून हे अमायलेज पाझरतं, ती ग्रंथी म्हणजे फांद्या फुटलेल्या नळ्यांचा झुबका आहे. आईच्या पोटात ती घडत होती तेव्हा घास नव्हता, चावणं नव्हतं. विकरं मात्र तेव्हाही कामात होती. ती नळी घडवत होती.

आपलं शरीर आतून नळ्यांचंच आहे. फुप्फुसात श्वासनळीला फांद्यांमागून फांद्या फुटतात, अशा सुमारे 23 पिढ्या. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात आणि प्रत्येक नेफ्रॉन ही एक वळणावळणाची नळी असते. रक्तवाहिन्या, स्तनग्रंथी, स्वादुपिंड, यकृतातल्या पित्तनलिका, सगळीकडे नळ्याच. एवढ्या नळ्या योग्य जागी, योग्य संख्येने आणि योग्य व्यासाच्या तयार व्हायच्या तर पेशींना एकमेकींशी सतत बोलावं लागतं. या बोलण्याबद्दल आपण ऐकतो तेव्हा निरोप नेणाऱ्या रेणूंचंच कौतुक होतं. मला वाटतं, ते कौतुक अपुरं आहे. निरोप पुष्कळदा सगळीकडे पसरलेला असतो. तो कोणत्या पेशीपाशी मोकळा व्हायचा, कुठे ऐकू यायचा आणि कधी बंद पडायचा, हे विकरं ठरवतात. नळीचा आकार त्या निर्णयांतून येतो.

मूत्रपिंडापासून सुरुवात करू. माणसाच्या गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास एका साध्या सरळ नळीच्या बाजूला एक कोंब फुटतो. शेजारी सैल पेशींचा एक पुंजका असतो. कोंब त्या पुंजक्यात शिरतो, त्याचं टोक दुभंगतं, त्या दोन टोकांची चार होतात आणि हे चालूच राहतं. कोंबाच्या फांद्यांपासून मूत्र गोळा करणाऱ्या नळ्या होतात, तर पुंजक्यातल्या पेशींपासून नेफ्रॉन. दोघांना वेगळं केलं तर कोंबाला फांद्या फुटत नाहीत आणि पुंजक्यातल्या पेशी मरून जातात. अमेरिकेत बेथेस्डा इथे क्लिफर्ड ग्रोबस्टाइन यांनी 1950च्या दशकात हे उंदराच्या गर्भातल्या ऊती बशीत वाढवून दाखवलं. त्यांनी पुंजका आणि त्याला जागं करणारी ऊती यांच्यामध्ये बारीक छिद्रांची गाळणी ठेवली. तरीही पुंजक्यात नळ्या तयार झाल्या. पुढे फिनलंडमध्ये लाउरी साक्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाळणीच्या छिद्रांत डोकावून पाहिलं, तेव्हा पेशींचे बारीक धागे आरपार गेलेले आढळले. मला हा पुढचा शोध फार मोलाचा वाटतो. हा निरोप लांबवर वाहत जाणारा नव्हता, जवळच्या जवळ द्यायचा होता. जवळ म्हणजे किती जवळ, या प्रश्नात आजच्या विषयाचं मर्म आहे.

पुंजक्याकडून कोंबाकडे निरोप नेणारा रेणू सापडायला पुढची चार दशकं जावी लागली. 1996 मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की पुंजक्यातल्या पेशी जीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि ते नसेल तर उंदराच्या पिल्लाला मूत्रपिंडं होत नाहीत. त्याआधी दोन वर्षं, 1994 मध्ये, कोंबावरचं रेट हे प्रथिन काढून घेतल्यावर असाच परिणाम दिसला होता. जीडीएनएफ हा निरोप आणि रेट हा तो ऐकणारा ग्राही. पण रेट नुसतं ऐकत नाही. ते स्वतःच एक विकर आहे. निरोप पोचला की दोन रेट रेणू जवळ येतात आणि एकमेकांच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतात. तिथून पेशीच्या आत एकामागून एक विकरं जागी होत जातात आणि शेवटी कोंबाचं टोक पुढे सरकतं.

टायरोसीनवर फॉस्फेट बसतो हे 1979 पर्यंत कोणाला माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. अमिनो आम्लं वेगळी करण्यासाठी त्यांनी ताजं द्रावण न करता आधी वापरलेलंच पुन्हा घेतलं. त्याची आम्लता थोडी वाढलेली होती. ताज्या द्रावणात जे दोन ठिपके एकमेकांवर पडले असते, ते त्यामुळे वेगळे झाले आणि एक अनोळखी ठिपका दिसला. तो टायरोसीनवरचा फॉस्फेट होता. पुढच्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये स्टॅनली कोहेन यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं की त्यांच्या ईजीएफ या वृद्धिघटकाचा ग्राहीही हेच काम करतो. ईजीएफ त्यांना कुठे मिळालं होतं, तर उंदराच्या लालाग्रंथीत. तिथला अर्क नवजात पिल्लांना टोचला की त्यांचे डोळे वेळेआधी उघडत. त्या निरीक्षणापासून सुरू झालेल्या कामाला 1986 मध्ये नोबेल मिळालं.

आता फळमाशीकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण विकराची करामत इथे सर्वांत उघड दिसते. फळमाशीला फुप्फुसं नसतात. तिच्या शरीरभर हवा वाहणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. अंड्यातून अळी बाहेर पडायला उबेत एक दिवसही लागत नाही आणि तेवढ्या वेळात हे जाळं शून्यापासून उभं राहतं. सुरुवातीला भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा चकत्या दिसतात, प्रत्येकीत सुमारे 80 पेशी. चकतीचा मधला भाग आत दबतो, त्याची पिशवी होते, पिशवीला फांद्या फुटतात आणि शेजारच्या फांद्या एकमेकींना जोडल्या जातात.

सपाट चकती आत वळायला मदत करणारा निरोप म्हणजे ईजीएफचाच माशीतला भाऊबंद, त्याचं नाव स्पिट्झ. हे स्पिट्झ भ्रूणातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात. मग सगळ्याच पेशी आत का वळत नाहीत? कारण स्पिट्झ पेशीतल्या पटलात अडकलेलं असतं आणि अडकलेला निरोप निरुपयोगी असतो. त्याला कापून मोकळं करायला ऱ्होम्बॉइड नावाचं प्रथिन लागतं, आणि ऱ्होम्बॉइड मोजक्याच पेशींत असतं. चकतीच्या मध्याशी ते असतं, म्हणून निरोप तिथून सुटतो आणि बाहेरच्या दिशेने पसरतो. ज्यांनी नाशिक किंवा सांगलीकडे द्राक्षबाग सांभाळली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबरात काडीवर छाटणी पडते तेव्हाच डोळा फुटतो आणि कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची यावर पुढचा सगळा हंगाम ठरतो.

ऱ्होम्बॉइड हे विकर आहे हे सहजासहजी कोणी मान्य केलं नाही. हे जनुक माहीत होतं, ते बिघडलं की भ्रूण बिघडतो हेही माहीत होतं. पण प्रथिन असं विचित्र की पेशीपटलात सात वेळा आरपार शिवल्यासारखं बसलेलं. पटल म्हणजे चरबीचा थर. प्रथिन तोडायला पाण्याचा रेणू लागतो. चरबीच्या आत पाणी कुठून येणार? 2001 मध्ये केंब्रिजला मॅथ्यू फ्रीमन, सिनिशा अर्बन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की ऱ्होम्बॉइड खरोखरच पटलाच्या आत कापतं आणि त्यासाठी सेरीन हे अमिनो आम्ल वापरतं. आपल्या स्वादुपिंडातून आतड्यात येणारं ट्रिप्सिन जेवणातली प्रथिनं तोडायला सेरीनच वापरतं. पाण्याचं कोडं 2006 मध्ये सुटलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात या कुळातल्या एका जिवाणूच्या विकराची स्फटिकरचना उलगडली आणि पटलाच्या आत पाण्याने भरलेली एक खोबण दिसली. भाकरीबरोबरची डाळ पचवणारं रसायनशास्त्र गर्भात नळी कुठे वळवायची तेही ठरवतं. निसर्गाने या दोन कामांसाठी दोन वेगळी शास्त्रं निर्माण केली नाहीत, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

निरोप कुठवर पोचला हे डोळ्यांनी पाहता येतं. पेशीतल्या विकरांच्या साखळीच्या शेवटाकडे एर्क नावाचं विकर असतं. निरोप आला की त्याच्यावर फॉस्फेट बसतो. फॉस्फेट बसलेलं एर्कच तेवढं रंगवणारं प्रतिपिंड वापरून इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या बेनी शिलो यांच्या गटाने 1997 मध्ये अख्ख्या माशीभ्रूणाचा नकाशा काढला. कोणत्या तासाला कोणत्या पेशीत निरोप ऐकला जातो आहे, हे त्या छायाचित्रांत दिसतं. श्वासनलिकेच्या चकत्या त्यात ठळक उमटलेल्या आहेत. अर्थात आत वळण्याचं सगळं श्रेय या निरोपाला देता येत नाही. जपानमध्ये कोबे इथे 2013 मध्ये दिसून आलं की विभाजनासाठी गोल होणाऱ्या पेशीही त्या वळणाला जोर देतात. निरोप नसेल तर चकती वेडीवाकडी आणि उशिरा वळते.

पेशीबाहेरची विकरं हा आणखी एक प्रांत आहे. फांद्या फुटायच्या टप्प्यावर माशीच्या नळ्यांना आणि आपल्या फुप्फुसांना एफजीएफ कुळातले निरोप लागतात. हे निरोप आपल्या ग्राहीवर एकटे नीट बसत नाहीत. त्यांना हेपरान सल्फेट या लांब साखरेच्या साखळीचा आधार लागतो. हृदयरुग्णांना रक्त गोठू नये म्हणून जे हेपरिन टोचतात त्याची ही सख्खी नातलग. या साखळीवर सल्फेट कुठे बसवायचा हे ठरावीक विकरं ठरवतात. माशीत त्यातलं एक विकर नसेल तर निरोप असतो, ग्राही असतो, तरी श्वासनलिकेच्या पेशी जागच्या हलत नाहीत. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये उंदराचं असंच एक विकर निकामी केलं गेलं. त्याचं काम इतकंच की साखळीतल्या साखरेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या जागी सल्फेट बसवायचा. ती पिल्लं मूत्रपिंडांशिवाय जन्मली आणि जन्मताच मेली. गंमत म्हणजे त्यांच्यात कोंब फुटला होता, पण पुढे त्याला फांद्या आल्या नाहीत. एका सल्फेटच्या जागेवर एक अवयव अवलंबून असतो, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगते आणि दरवर्षी ते मला पुन्हा विचारून खात्री करून घेतात.

साखळी बांधणाऱ्या विकरांसारखी तोडणारीही असतात. हेपरानेज हे त्यातलं. उंदराच्या वाढत्या लालाग्रंथीत ते साखळी तोडतं, त्यात अडकून राहिलेला एफजीएफ-10 मोकळा होतो आणि ग्रंथीला नवी फांदी फुटते.

निरोप सुरू झाला की तो थांबवणंही तितकंच गरजेचं. 1998 मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रॅस्नो यांच्या प्रयोगशाळेत माशीचं स्प्राउटी हे जनुक सापडलं. ते नसेल तर श्वासनलिकेला नको तितक्या फांद्या फुटतात. स्प्राउटी स्वतः विकर नाही, पण ते विकरांच्या साखळीला लगाम घालतं. त्याला जागं करणारा निरोप तोच, ज्याला ते पुढे आवरतं. उंदरात 2005 मध्ये त्याचा एक भाऊबंद काढून टाकला, तेव्हा एका कोंबाऐवजी अनेक कोंब फुटले आणि एका मूत्रपिंडाला एकाहून अधिक मूत्रवाहिन्या झाल्या. यावरून फॉस्फेट बसवणारी विकरं चालना देतात आणि काढणारी थांबवतात, असं सोपं सूत्र मांडायचा मोह होतो. एसएचपी-2 या विकराने ते सूत्र टिकू दिलं नाही. ते फॉस्फेट काढतं, पण त्याच्याशिवाय रेटचा निरोप पुढेच सरकत नाही. उंदराच्या मूत्रपिंडाच्या कोंबातून ते काढलं की फांद्या तुटपुंज्या राहतात.

आता आईच्या ताटाकडे येऊ. गाजर, आंबा, शेवग्याचा पाला यांतल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व करतं आणि त्यापासून विकरांच्या मदतीने रेटिनॉइक आम्ल बनवतं. मूत्रपिंडाच्या पुंजक्याभोवतीच्या पेशींत यातलं एक विकर असतं. तिथे तयार झालेलं रेटिनॉइक आम्ल कोंबाला रेट तयार करत राहायला सांगतं. आईला अ जीवनसत्त्व मिळालं नाही तर उंदरांच्या पिल्लांत मूत्रपिंडाचे आणि फुप्फुसांचे दोष दिसतात, हे 1950च्या दशकापासून माहीत आहे. 1998 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की आईच्या आहारातली साधी, बाहेरून न जाणवणारी कमतरताही पिल्लाचे नेफ्रॉन सुमारे 20 टक्क्यांनी कमी करते. माणसांत नेफ्रॉनची संख्या फार वेगवेगळी असते, एका मूत्रपिंडात दोन लाखांच्या आसपासपासून वीस लाखांच्याही पुढे. नवे नेफ्रॉन होणं गर्भाच्या 36व्या आठवड्याच्या सुमारास थांबतं आणि त्यानंतर आयुष्यात एकही नवा होत नाही. कमी नेफ्रॉन घेऊन जन्मलेल्याला पुढे रक्तदाबाचा धोका जास्त, हे मत बॅरी ब्रेनर यांनी 1988 मध्ये मांडलं. त्यावर आजही काम चालू आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. हे आम्ल जास्त झालं तरी गर्भ बिघडतो. मुरुमांवर दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी याच कुळातली आहे आणि गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य आहे.

आणि शेवटी त्या विकराबद्दल, ज्यासाठी मी हा विषय इथे, डॉक्टरांच्या परिषदेत नव्हे तर गावाच्या सभागृहात, मांडायचं ठरवलं. 1898 मध्ये स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढवणारा घटक शोधला आणि त्याला रेनिन म्हटलं. रेनिन हेही कापणारं विकर. ते रक्तातल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा पाडतं. पण तो तुकडा जवळपास निष्क्रिय असतो. 1956 मध्ये लेनर्ड स्केग्ज यांना त्याची आणखी दोन अमिनो आम्लं तोडणारं दुसरं विकर सापडलं. तेवढ्या तोडण्याने अँजिओटेन्सिन-2 हा जोरकस निरोप तयार होतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. हे विकर म्हणजे एसीई. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात त्याला रोखणारे घटक सापडले, त्यांच्या आधाराने कॅप्टोप्रिल तयार झालं आणि 1981 मध्ये ते बाजारात आलं. त्यानंतर याच वर्गातल्या एनालाप्रिल, रामिप्रिल अशा औषधांनी असंख्य हृदयं आणि मूत्रपिंडं वाचवली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पण गर्भालाही हा निरोप लागतो. काही बाळं मूत्रपिंडं असूनही मूत्र न करता जन्माला येत. त्यांच्या मूत्रपिंडात नेफ्रॉनचा पहिला, सर्वांत कामाचा वळणदार भाग तयारच झालेला नसे. 2005 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी अशा कुटुंबांचा अभ्यास केला. रेनिन, एसीई, त्यांनी कापायचं मूळ प्रथिन किंवा अँजिओटेन्सिनचा ग्राही, या चारपैकी एकाच्या जनुकात दोष होता. साखळीतला कुठलाही दुवा तुटला तरी परिणाम एकच. अँजिओटेन्सिनशिवाय गर्भाच्या मूत्रपिंडात रक्ताचा दाब टिकत नाही आणि नळीचा तो भाग घडत नाही, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. मग मूत्र होत नाही. गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल हे बहुतांशी बाळाचं मूत्रच असतं, म्हणून गर्भजल आटतं. गर्भजलाविना फुप्फुसं वाढत नाहीत. एका नळीदार अवयवाचा दोष दुसऱ्यावर उतरतो आणि बाळ बहुधा जन्मानंतर श्वासासाठी झगडत जातं.

हाच परिणाम आईने गर्भारपणाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत एसीई रोखणारी गोळी घेतली तरी होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 1992 मध्ये या औषधांवर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधं ग्राहीच्या पातळीवर तोच निरोप अडवतात, त्यांनाही तोच इशारा लागू आहे. ही औषधं आपल्या गावोगावी रोज विकली जातात, आणि रक्तदाब आता तरुण स्त्रियांतही आढळतो.

म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारात रक्तदाबाची गोळी घेणारी, मूल होऊ देण्याचा विचार करणारी किंवा नुकतीच दिवस गेलेली स्त्री असेल, तर तिच्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असेल तर तिला लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, कारण न आवरलेला रक्तदाबही आई आणि बाळ दोघांना घातक असतो. गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं उपलब्ध आहेत, डॉक्टर ती बदलून देतील. दिवस राहण्याआधीच विचारलं तर उत्तम, आणि राहिले असतील तर आजच विचारा.